पिकअपच्या मागच्या सीटमागे सबवूफरचा डबा: जागा बेताची, बेस हवा

निळा_पिकअप

मंडळी, डबल कॅबचा पिकअप आहे. दारातले स्पीकर बरे आहेत, पण बास गिटार ऐकू येत नाही, ती वाजत असावी असा नुसता अंदाज येतो. कारसारखी डिकी नाही, आणि मागच्या उघड्या हौद्यात वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) ठेवण्यात अर्थ नाही. तेव्हा राहिली ती एकच जागा: मागच्या सीटची पाठ आणि कॅबचा मागचा पत्रा यांच्यामधली पोकळी.

सीट कललेली, पत्रा जवळपास उभा, म्हणून पोकळी खाली रुंद आणि वर निमुळती आहे. पुठ्ठ्याचा साचा करून पाहिला. बाहेरून लांबी ९० सेंमी, उंची ३४ सेंमी, खोली खाली १८ आणि वर १२ सेंमी एवढा डबा बसतो आणि सीटची कडीही लागते. डबा आणि सीट यांच्यात आणखी ४ सेंमी मोकळे राहतात, ते मी या मापात धरलेले नाहीत.

अजून काहीच विकत घेतलेले नाही. मनात १२ इंची वूफर आणि पोर्टचा (हवेसाठी नळीसारखे भोक ठेवलेला) डबा आहे. १८ मिमी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) वापरावे म्हणतो. जाणकारांनी काय ते सांगावे, खोडून काढले तरी चालेल.

लिटरभर

वूफर आधी घेतला नाहीत हे उत्तम. पिकअपमध्ये जागा मालक आणि वूफर भाडेकरू. जागेत किती लिटर आहेत ते आधी काढायचे, मग त्यात कोण सुखाने राहील ते शोधायचे.

तुमच्या बाहेरच्या मापाने ९० × ३४ × १५ (खालच्या-वरच्या खोलीची सरासरी) म्हणजे ४५.९ लिटर होतात. हा आकडा विसरून जा. १८ मिमीची फळी दोन्ही बाजूंनी ३.६ सेंमी खाते. आतून माप उरते ८६.४ × ३०.४ × ११.४, म्हणजे २९.९ लिटर. १६ लिटर नुसत्या लाकडात गेले. त्यातून वूफरचे धूड आणि आतले आधार वजा करा, हातात २७ लिटर येतील. पुढचा सगळा हिशेब या २७ वर.

वूफरच्या कागदावर तीन आकडे बघायचे: एफएस (मोकळा वूफर स्वतःहून ज्या वारंवारतेला थरथरतो ती, म्हणजे त्याचा अनुनाद), क्यूटीएस (ते थरथरणे किती आवरले जाते त्याचे माप) आणि व्हीएएस (पडद्याच्या टांगणीइतकीच स्प्रिंग देणारी हवा, लिटरमध्ये). ऑस्ट्रेलियन अभियंता नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हे गणित बसवून दिले, म्हणून यांना थील-स्मॉल आकडे म्हणतात. बंद डब्यासाठी सूत्र एका ओळीचे आहे. व्हीएएसला डब्याच्या घनफळाने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. त्या संख्येने क्यूटीएसला गुणले की क्यूटीसी (डब्यात बसलेल्या वूफरचा क्यूटीएस) मिळतो आणि एफएसला गुणले की डब्यातल्या वूफरची नवी अनुनाद वारंवारता मिळते. क्यूटीसी ०.७०७ आला तर प्रतिसाद सर्वांत सपाट, म्हणजे कुठलाच सूर फुगत नाही.

नमुन्यादाखल एक १० इंची धरू: एफएस ३२ हर्ट्झ, क्यूटीएस ०.५, व्हीएएस ३० लिटर. २७ लिटरमध्ये क्यूटीसी ०.७३ आणि अनुनाद ४६-४७ हर्ट्झ. सुरेख.

आता एक १२ इंची: एफएस २६, क्यूटीएस ०.५, व्हीएएस ७०. त्याच डब्यात क्यूटीसी ०.९५ आणि अनुनाद ४९ हर्ट्झ. म्हणजे मोठा वूफर आणून अनुनाद थोडा वरच सरकला आणि वर साधारण १ डेसिबलचा फुगवटा आला. आभाळ कोसळत नाही, पण ज्या खोल बेससाठी १२ इंची आणायचा तो या डब्यात त्याला देता येत नाही.

गडगडाट

फुगवट्याला कोण घाबरतंय! १२ इंचीचा पडदा १० इंचीच्या जवळपास दीडपट असतो. तेवढीच हालचाल धरली तर सरळ ३ डेसिबल जास्त. कागदावर ०.९५ दिसतो म्हणून लहान वूफर घ्यायचा हे मला पटत नाही.

लिटरभर

मुद्दा बरोबर आहे, पण मग खोली बघा. नेहमीच्या १२ इंचीला बसायला १४ ते १८ सेंमी खोली लागते. डब्यात मध्यावर आहेत ११.४. १० इंचीतही नेहमीचा बसणार नाही, उथळ प्रकारचाच घ्यावा लागेल, ज्याची खोली ८-९ सेंमी असते. चुंबकाच्या मागे हवेचे भोक असेल तर त्याच्यामागे दोन-अडीच सेंमी मोकळे हवेत. उथळ १२ इंचीही मिळतात म्हणा, पण त्यांची बाहेरची कडी ३१-३२ सेंमी असते. ३४ च्या फळीवर वर-खाली स्क्रूला धड लाकूड उरत नाही.

पडद्याचे क्षेत्रफळच हवे असेल तर ९० सेंमी लांबीत दोन १० इंची बसतात. प्रत्येकाच्या वाट्याला साडेतेरा लिटर, क्यूटीसी ०.९०. एका १२ इंचीपेक्षा जास्त पडदा आणि फुगवटाही थोडा कमी.

निळा_पिकअप

दोन नकोत, एक पुरे. मागे माणसेही बसतात. पण पोर्टचे काय? सगळीकडे वाचतो की पोर्टच्या डब्याचा आवाज मोठा असतो.

लिटरभर

असतो. पोर्ट ज्या वारंवारतेला जुळवला असेल तिच्या आसपास बंद डब्यापेक्षा ठळकपणे जास्त. पण पोर्ट जागा मागतो. ३५ हर्ट्झला जुळवायचा आणि वारा शिट्टी मारू नये म्हणून तोंड निदान ६० चौरस सेंमी ठेवायचे म्हटले, तर तुमच्या डब्यात पोर्टची लांबी साधारण ६० सेंमी येते. तो पोर्ट स्वतःच पावणेचार लिटर खातो, त्याच्या भिंती आणखी एखादा लिटर. उरले २२. तोंड लहान केले तर पोर्ट आखूड होतो आणि जागा वाचते, पण मग प्रत्येक बेसच्या ठोक्याला फस्स ऐकत बसा.

दुसरे म्हणजे जुळवलेल्या वारंवारतेच्या खाली पोर्टचा डबा पडद्याला धरून ठेवत नाही. हवा भोकातून नुसती आत-बाहेर करते आणि पडदा सैल सुटतो. तिथे सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारे सर्किट) लावलाच पाहिजे. बंद डब्यात आतली हवाच स्प्रिंगचे काम करते.

आणि तिसरे, जे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते: पिकअपची कॅब लहान असते. कॅबच्या आतल्या सर्वांत लांब मापाच्या दुप्पट तरंगलांबी झाली की त्याखालचा आवाज लाटेसारखा फिरत नाही, सगळ्या कॅबमधला दाब एकदमच वर-खाली होतो. आतली लांबी अडीच मीटर धरली तर ही सीमा ६८-६९ हर्ट्झला येते. तिच्याखाली दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत फुकटची वाढ मिळू शकते. बंद डबा त्याच्या अनुनादाखाली दर सप्तकाला १२ डेसिबलनेच घसरतो. म्हणजे एकाची घसरण दुसरा भरून काढतो. प्रत्यक्षात दारांच्या फटी, पत्र्याचे थरथरणे यांत बराच दाब गळतो आणि पूर्ण १२ मिळत नाहीत, पण जे मिळते तेही पुष्कळ. पोर्टचा डबा खाली २४ डेसिबलने कोसळतो, त्याला ही मदत अर्धीच पडते.

मोठ्या व्हॅनमध्ये मी पोर्टचा विचार केला असता. इथे नाही.

गडगडाट

सपाट प्रतिसाद, सपाट प्रतिसाद. ४० ते ५० हर्ट्झला छातीत जो धक्का बसतो तो पोर्टनेच बसतो. असो, धागा त्यांचा आहे.

रंधा_आणि_पटाशी

गणितवाल्यांचे झाले असेल तर लाकडाकडे येऊ.

एमडीएफ वाईट नाही. कापायला गोड, काठ गुळगुळीत, रंगही छान बसतो. पण पिकअपमध्ये ओले बूट, ओल्या छत्र्या, दाराच्या रबरातून झिरपणारे पाणी हे सगळे त्या सीटखालीच जमते. एमडीएफच्या काठाला पाणी लागले की तो फुगतो, आणि फुगलेला परत बसत नाही. शिवाय काठात स्क्रू मारला की तो चिरतो. मी चांगला बर्च प्लाय घेईन. वजनाचा फरक मात्र लोक सांगतात तेवढा नाही. या डब्याला एक चौरस मीटरच्या आसपास लाकूड लागते. १८ मिमी प्लायचे १२ किलो होतील आणि एमडीएफचे सव्वातेरा. एवढ्याशा डब्यात वजनावरून भांडू नये.

भांडायचे तर जाडीवरून. सगळीकडे १८ मिमी कशाला? वूफर ज्या फळीवर बसतो ती १८, बाकी पाचही १२ मिमी करा.

लिटरभर

थांबा, हे मोजतो. आतून ८७.६ × ३१.६ × १२ होतात, म्हणजे ३३.२ लिटर. सव्वातीन लिटर फुकट मिळाले आणि चुंबकामागेही ६ मिमी जास्त. वूफर आणि आधार वजा करून ३१ धरू. तोच १० इंची: क्यूटीसी ०.७०, अनुनाद ४५ हर्ट्झ. याहून चांगले मागू नये.

गडगडाट

१२ मिमी? ९० सेंमी लांबीच्या डब्यात? मागची फळी ढोलासारखी वाजेल. ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. १८ मिमी फळी १२ मिमीपेक्षा ३.४ पट ताठ असते. लिटर वाचवायला आवाजाची माती करू नका.

रंधा_आणि_पटाशी

गडगडाट भाऊ, घनाचे तुमचे बरोबर आहे, पण फळी मोकळी सोडायला कोण सांगतंय? आधार कुठे द्यायचा यात सगळे आहे. बहुतेक लोक लांब डब्यात मधोमध एक उभी आडफळी टाकतात आणि झाले समजतात. मागची फळी ८७ बाय ३१ आहे. तिचे वाकणे ठरते ते आखूड बाजूवर, ३१ सेंमीवर. उभी आडफळी टाकून ८७ चे दोन ४३ झाले, तरी आखूड बाजू ३१ चीच राहिली. काम जवळपास काहीच झाले नाही. त्यापेक्षा मागच्या फळीवर आतून, मध्यावर, लांबीच्या दिशेने एक पट्टी उभ्या काठावर चिकटवा. पट्टी ताठ असेल तर ३१ चे दोन साडेपंधरा होतात. वूफरच्या चुंबकाला अडत असेल तिथे पट्टी उतरती करा.

दुसरा उपाय त्याहून सोपा. पुढची आणि मागची फळी यांना जोडणारे पाऊण-एक इंची गोल लाकडी दांडे, वूफरच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन. आतला दाब दोन्ही फळ्यांना एकाच वेळी उलट दिशांना ढकलतो, दांडा दोघींना एकमेकींविरुद्ध धरून ठेवतो. दांडे मिळून जेमतेम पाव लिटर खातात. पट्टी आणि दांडे दोन्ही केलेत तर १२ मिमी बिनधास्त वापरा.

आता तिरका काप. खाली १८, वर १२, म्हणजे ३४ उंचीत ६ सेंमीचा उतार. तो १० अंश निघतो. पुढची फळी उतरती असल्याने तिची उंची ३४ नाही, ३४.५ लागेल. वरच्या आणि तळाच्या फळीचा पुढचा काठ १० अंशांत कापायचा. दोन बाजूंच्या फळ्या मात्र एकावर एक ठेवून, छोट्या खिळ्याने टाचून एकदमच कापा. दोघी सारख्या आल्या नाहीत तर डबा पिळतो, आणि पिळलेला डबा गोंदाने सरळ होत नाही. तुमचा पुठ्ठ्याचा साचा टाकू नका, बाजूची फळी आखायला तोच वापरा.

जोडताना काठाला भरपूर लाकडाचा गोंद, क्लॅम्प, आणि स्क्रू मारण्याआधी बारीक ड्रिलने भोक. खरे काम गोंद करतो, स्क्रू गोंद वाळेपर्यंतचा पाहुणा. मागची फळी, बाजू, वर, तळ जोडून घ्या, आतून सगळ्या सांध्यांवर गोंदाचे बोट फिरवा, आणि मग शेवटी पुढची फळी. वूफरचे भोक पुढची फळी बसवायच्या आधी कापा. आणि वूफर हातात आल्याशिवाय भोक कापू नका. १० इंची लिहिलेल्या प्रत्येकाचे भोक वेगळे असते.

निळा_पिकअप

राउटर नाही. जिगसॉने चालेल का?

रंधा_आणि_पटाशी

पळेल. रेघेच्या आतून एक-दोन मिमी सोडून कापा, मग पॉलिश पेपर गोल काठीला गुंडाळून रेघेपर्यंत या. वूफरची कडी आणि गॅस्केट बाकीचे झाकते. वूफर लाकूड-स्क्रूने बसवू नका, टी-नट (फळीच्या मागून ठोकायची आट्यांची लोखंडी नट) टाका. प्लायमध्ये तोच स्क्रू दोन-तीनदा काढला-घातला की पकड जाते.

वूफर मध्यावर न ठेवता जमेल तेवढा खाली सरकवा, खोली तिकडे जास्त आहे.

रेझिनवाला

सगळे सपाट फळ्यांमध्येच का अडकले आहेत? मागच्या पत्र्याला जे खड्डे-उंचवटे असतात त्यात किती लिटर वाया जातात बघा. पत्र्यावर टेप आणि वर फॉइल लावून फायबरग्लासचे तीन-चार थर द्या, मागची बाजू हुबेहूब साच्यासारखी निघते. तिला पुढे प्लायची फळी जोडा. माझ्या अंदाजाने सहज चार-पाच लिटर वाढतील.

घनफळ मोजायला थर्मोकोलचे मणी डब्यात भरायचे आणि खुणा केलेल्या बादलीत ओतायचे.

रंधा_आणि_पटाशी

तीन-चार थर सपाट भागावर लवतात हो. वळणावर फायबर ताठ असतो, सपाटीवर नाही. आणि पहिल्यांदाच डबा करणाऱ्याला कॅबमध्ये रेझिन ओतायला सांगणे जड जाईल. पॉलिएस्टर रेझिनची वाफ बंद जागेत घेण्यासारखी नसते. हार्डनर थोडा जास्त पडला तर रेझिन तापून भांड्यातच धुमसायला लागते.

रेझिनवाला

साचा फक्त कॅबमध्ये काढायचा, दारे उघडी ठेवून, मास्क लावून. पहिले दोन थर कडक झाले की बाहेर काढून बाकीचे बाहेर. सपाट जागी थरांच्या मध्ये प्लायची पट्टी दाबायची, लवत नाही. पण हो, ज्यांना ३१ लिटर पुरतात त्यांनी या भानगडीत पडू नये हे मान्य.

मागची_सीट

आवाजाचे सगळे बोलून झाले, आता मी रसभंग करतो. त्या पोकळीत गाडी बनवणाऱ्यांनी काय काय ठेवले आहे ते पाहिलेत का?

बऱ्याच पिकअपमध्ये कॅबच्या मागच्या पत्र्यालाच हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात, रबरी पातीच्या. दार लावताना आतली हवा त्यांतून निघते, एसी-ब्लोअरची हवाही त्यांतूनच बाहेर पडते. डबा त्यांच्यावर टेकवलात तर दारे जोरात आपटल्याशिवाय लागणार नाहीत आणि काचांवर वाफ धरेल. डब्याच्या मागे दोन सेंमीची फट ठेवा, नाहीतर झडपांपुरती जागा सोडा. त्या पाती बेसवर फडफडतात हा वेगळा ताप.

लहान मुलाची सीट बांधायचा वरचा पट्टा ज्या कडीत अडकवतात ती कडीही पुष्कळदा मागच्या सीटच्या पाठीमागेच असते. ती झाकू नका. जॅक आणि पान्हे तिथेच असतात. डबा न काढता ते हाताला यायला हवेत.

आणि डबा नुसता कोंबून ठेवू नका. वूफर धरून १२-१५ किलोचे हे ओझे आहे, जोरात ब्रेक लागला की ते सीटच्या पाठीवर येते. लोखंडी पट्ट्यांनी सीटच्या मूळ बोल्टांना किंवा मागच्या पत्र्यावर आधीच असलेल्या भोकांना बांधा. नवीन भोक पाडायचेच असेल तर खाली वाकून पलीकडे काय आहे ते आधी बघा. पिकअपच्या तळाखालून इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग सगळे जाते.

निळा_पिकअप

झडपा आहेत! आताच जाऊन पाहिले, डाव्या-उजव्या कोपऱ्यात एकेक, आडव्या. लांबी ९० ऐवजी ८४ केली तर दोन्ही मोकळ्या राहतात.

लिटरभर

मग आतून ८१.६ × ३१.६ × १२, म्हणजे ३०.९ लिटर. वजाबाकीनंतर २८.७ धरा. क्यूटीसी ०.७२. काहीच बिघडले नाही.

शांतताप्रिय

एक बाळबोध शंका. एवढा खटाटोप करण्यापेक्षा सीटखाली सरकवायचा तयार, ॲम्प (ॲम्प्लिफायर) आतच असलेला चपटा ८ इंची सब का नको? वायर जोडली की काम झाले. बऱ्याच लोकांना दारातल्या स्पीकरच्या खालची जी पोकळी जाणवते ती बहुतेक ५० ते ८० हर्ट्झमध्येच असते.

लिटरभर

शंका बाळबोध नाही. मंद आवाजात ऐकणाऱ्याला तो पुरतो, मी स्वतः काहींना तोच सुचवतो. मर्यादा हवेची आहे. ८ इंचीचा पडदा १० इंचीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो, चपट्या डब्यात त्याची हालचालही थोडी. ४० हर्ट्झला मोठा आवाज मागितला की तो दमतो, किंवा आतले सर्किट गुपचूप बेस कमी करते. निळा_पिकअप यांना बास गिटार हवी आहे. तिची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झला असते.

निळा_पिकअप

डबाच करणार. वूफर ३०० वॅट आरएमएसचा (सतत झेपणारी ताकद), दोन कॉइलचा, प्रत्येक कॉइल ४ ओहम, असा पाहून ठेवला आहे. ॲम्प कोणता आणि वायर किती जाड?

दोनओहम

दोन ४ ओहम कॉइल समांतर जोडल्या तर २ ओहम, एकापुढे एक जोडल्या तर ८. कारचे बहुतेक मोनो ॲम्प २ ओहमला खुलतात, तेव्हा समांतर जोडा आणि २ ओहमला ३०० वॅट आरएमएस देणारा क्लास डी (कमी तापणाऱ्या, वीज कमी वाया घालवणाऱ्या प्रकारचा) ॲम्प घ्या. डब्यावर ठळक अक्षरांत छापलेला कमाल वॅटचा आकडा वाचूच नका.

क्लास डीची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ३०० वॅटला ३७५ वॅट ओढेल. १३.८ व्होल्टला २७ अँपिअर. ४० अँपिअरचा फ्यूज आणि १० चौरस मिमी तांब्याची वायर. बॅटरीपासून मागच्या सीटपर्यंत ५ मीटर धरले तर पाव व्होल्टपेक्षा थोडे कमीच पडतात. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर दिसायला तशीच जाड असते, पण वाहकता तांब्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश. तीच घ्यायची झाली तर एक-दोन माप जाड घ्या.

फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत. हा फ्यूज ॲम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर कुठे पत्र्याला घासून सोलली तर आग लागू नये म्हणून. इंजिनाकडून कॅबमध्ये वायर शिरते तिथे रबरी बुश घालाच. अर्थिंगची वायर आखूड ठेवा, आणि जिथे बोल्ट लावाल तिथला रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्या. घुंई आवाजाच्या तक्रारी येतात त्यांतल्या बऱ्याच याच बोल्टापाशी संपतात.

शांतताप्रिय

ॲम्पची गेनची खुंटी किती फिरवायची, हेही सांगून टाका. लोक ती व्हॉल्यूमसारखी फिरवतात आणि मग वूफर जळाला म्हणून कंपनीला शिव्या देतात.

दोनओहम

मल्टिमीटर घ्या. वूफर काढून ठेवा, बेस बूस्ट शून्यावर, स्टिरिओचा आवाज तुम्ही जास्तीत जास्त जिथपर्यंत नेता तिथे. ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा साधा सूर वाजवा आणि ॲम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्ट बघत गेन हळूहळू वाढवा. वॅट आणि ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे लागणारे व्होल्ट. ३०० गुणिले २, त्याचे वर्गमूळ साडेचोवीस. तिथे थांबा. गेन म्हणजे स्टिरिओ आणि ॲम्प यांची पातळी जुळवणे, एवढेच तिचे काम.

लो-पास (ठरवलेल्या वारंवारतेच्या वरचे सूर वूफरकडे जाऊ न देणारा फिल्टर) ८० हर्ट्झपासून सुरू करा. मग फेज (पडदा आधी पुढे जातो की मागे ती दिशा) उलटसुलट करून बघा, ड्रायव्हरच्या जागेवर ज्या बाजूला बेस जास्त भरीव वाटेल ती ठेवा.

निळा_पिकअप

वूफरचे तोंड सीटच्या पाठीकडे असेल. ४ सेंमी पुरतील?

लिटरभर

वूफरची रबरी कडा फळीच्या वर दीड-दोन सेंमी येते, वरून हालचाल एक सेंमी. त्यामुळे पडदा सीटला लागणार नाही, पण फार ऐसपैसही नाही. हवा गुदमरू नये असा हिशेब केला तर पडद्याच्या व्यासाच्या चौथाई फट हवी. २१ सेंमीच्या पडद्याला ती ५ सेंमी येते. कमी असली तर वरच्या वारंवारता थोड्या दबतात, पण ८० हर्ट्झच्या खालचे आपले काम चालते. जाळी बसवू नका, तिला जागा नाही. त्याऐवजी वूफरच्या दोन्ही बाजूंना फळीवर दोन ठोकळे लावा, म्हणजे मागे बसलेला माणूस रेलला तरी सीट पडद्यापर्यंत पोचणार नाही.

गडगडाट

खाली तोंड करून सीटखाली बसवला असता तर हा प्रश्नच नव्हता.

मागची_सीट

खाली तोंड केले की पडदा स्वतःच्या वजनाने लोंबतो असे ऐकले आहे.

लिटरभर

लोंबतो, पण किती? गुरुत्व त्वरणाला (२ × पाय × एफएस) च्या वर्गाने भागायचे. ३२ हर्ट्झच्या वूफरला पाव मिलिमीटर. दहा मिलिमीटर हालणाऱ्या वूफरला पाव मिलिमीटरने काही होत नाही. सीटखाली उंची किती मिळते हाच खरा प्रश्न, आणि बहुतेक पिकअपमध्ये ती पुरत नाही.

निळा_पिकअप

आत कापूस भरतात ते काय?

लिटरभर

पॉलिएस्टरचा तंतू, उशीत असतो तो. हवा दाबली की तापते आणि त्यामुळे जास्त ताठ होते. तंतू ती उष्णता शोषतो, मग हवा मऊ पडते आणि डबा जणू मोठा होतो. सिद्धांताने कमाल वाढ ४० टक्के, व्यवहारात १० ते २०. तुमचा क्यूटीसी आधीच ०.७२ आहे, तेव्हा सैलसर थोडा भरा किंवा मुळीच भरू नका. भरलात तर चुंबकाच्या भोकापासून लांब ठेवा.

रंधा_आणि_पटाशी

शेवटचे माझ्याकडून. सांध्यांवर सिलिकॉन लावणार असाल तर आंबट वासाचे सिलिकॉन पूर्ण वाळून वास जाईपर्यंत वूफर आत बसवू नका. तो वास ॲसिटिक ॲसिडचा असतो, धातूला आणि कॉइलच्या तारांना चांगला नाही. टर्मिनलची वाटी गॅस्केट लावून बसवा, गळती सांध्यांपेक्षा तिथूनच जास्त होते. सगळे जोडल्यावर २५-३० हर्ट्झचा सूर मध्यम आवाजात लावा आणि ओला हात सांध्यांवरून, वूफरच्या कडेवरून, टर्मिनलवरून फिरवा. फट असेल तिथे गार वाटते.

बाहेरून कार्पेट लावायचे असेल तर मागच्या बाजूला लावू नका, ओल धरते. तिथे प्लायच्या काठांसकट दोन हात रंग द्या.

निळा_पिकअप

ठरले तर मग. ८४ × ३४ × १८/१२, पुढे १८ मिमी, बाकी १२ मिमी बर्च, बंद डबा, एक उथळ १० इंची, चार दांडे आणि मागे एक पट्टी. वूफर आला की भोकाचे माप इथे टाकतो.

गडगडाट

आणि ४५ हर्ट्झला नंबरप्लेट किती खडखडते तेही टाका. मागे फोमची पट्टी आत्ताच लावून ठेवा.